दूध सोडलेल्या सासूबाई आणि लाल इंजेक्शन

फोन आला की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आजी, बी-ट्वेल्व घेतेस ना?" घेते. तुम्ही पाठवलेली बाटली जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली आहे, म्हणजे विसरायला होत नाही. परवा धाकटीने विचारलं, "तुमच्या वेळी कुठे होतं हे सगळं?" होतं बरं. आपल्या घरात ते तुमच्या पणजींमुळे आलं, आणि कसं आलं ते तुम्हाला ठाऊक असायला हवं. माझ्या सासूबाई इतक्या ताठ कण्याच्या होत्या की त्यांची आठवण आली की मी अजूनही खुर्चीत नीट बसते.

आम्ही तेव्हा गिरगावातल्या एका वाडीत राहत होतो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेर सामाईक गॅलरी. तुमचे आजोबा फोर्टातल्या एका कचेरीत होते, आणि मी जवळच्याच मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. सासूबाई लवकर विधवा झालेल्या. एकच वेळ जेवत, कांदा-लसूण खात नसत, आणि सोवळ्याओवळ्याचे त्यांचे नियम माझ्या शाळेच्या वेळापत्रकापेक्षा काटेकोर होते. मला इंग्रजी येतं याचं त्यांना कौतुक होतं, पण ते त्या बोलून दाखवत नसत. पाहुणे आले की नुसतं म्हणत, "हिला विचारा, हिने वाचलंय."

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आमच्या दारात होती. मोर्चे वाडीवरूनच जात. गिरगावात गोळीबार झाला तेव्हा शेजारच्या वाडीतला एक कॉलेजात जाणारा मुलगा गेला. सासूबाई त्याला ओळखत होत्या. गणपतीत तो आमच्या गॅलरीत पताका बांधायला येई आणि जाताना त्यांच्याकडून हक्काने लाडू मागून नेई. त्याला आणलं तेव्हा त्या खाली गेल्या आणि त्याच्या आईजवळ बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला. मी पातेलं पुढे केलं, तर सासूबाईंनी त्यावर हात धरला.

"माझ्या वाटणीचं घालू नकोस. मुंबई महाराष्ट्रात येईपर्यंत दूध नको, दही नको, ताक नको, तूप नको."

आपल्याकडे एखादी आवडती गोष्ट सोडायची जुनी रीत आहे. कुणी चातुर्मासात वांगं सोडतं, कुणी काशीला जाऊन आंबा सोडून येतं. सासूबाईंचा जीव दुधा-दह्यात होता. जेवणात दहीभात आणि संध्याकाळी पेलाभर दूध, एवढाच त्यांचा चैनीचा भाग. तोच त्यांनी काढून टाकला.

आजोबा म्हणाले, "आई, सरकारला तुझं दूध सोडणं कळणार तरी आहे का?"

"सरकारला कळावं म्हणून सोडलं नाही."

शेजारच्या काकूंना हे फारच मनोरंजक वाटलं. त्यांनी गॅलरीतून विचारलं, "आणि नारळाच्या दुधाचं काय हो?"

"नारळ गाईच्या पोटी आलाय का?" सासूबाई म्हणाल्या. "नसेल तर चालतो."

व्रत सुरू झालं आणि आम्हाला त्याची सवयही झाली. त्या बिनदुधाचा चहा पीत, भातावर तुपाऐवजी तेल घेत. देवाच्या नैवेद्याला दूध असे, पण तीर्थ म्हणूनसुद्धा त्या ते ओठाला लावत नसत. दोन-तीन वर्षं अशी गेली. मुंबईचं काय होणार ते वर्तमानपत्रांत रोज वेगळं छापून येई, आणि सासूबाई रोज तेच जेवत.

मग त्यांची जीभ लाल आणि गुळगुळीत झाली. लोणचं सोसेना. चेहरा पिवळट दिसू लागला, जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबावं लागे. पायांची आग होई म्हणून त्या दुपारी गॅलरीतल्या लादीवर पाऊल टेकवून बसत. आमचे घरचे डॉक्टर वाडीच्या तोंडाशीच बसत. ते भले गृहस्थ होते. त्यांनी डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली आणि रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या दिल्या. महिन्याभरात चेहऱ्यावर रंग आला, धाप कमी झाली. आम्ही सगळे खूश. डॉक्टर म्हणाले, "बघा, कशा टवटवीत झाल्या आजी!"

पाय मात्र बिघडतच चालले होते, आणि ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. सासूबाई सांगतील तर शपथ.

एकदा त्या देवळातून परत आल्या तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. "चोरली मेल्यांनी, एकच चोरली!" म्हणून त्या चिडल्या होत्या. मी खाली जाऊन पाहिलं, तर चप्पल वाडीच्या फाटकाशी पडलेली. चालता चालता पायातून निसटली होती आणि त्यांना कळलं नव्हतं. आम्ही त्यावर हसलो. त्यासुद्धा हसल्या.

त्यानंतर गणपती आले. चाळीच्या गणपतीसमोर आरतीला सासूबाई पहिल्या रांगेत उभ्या राहत. हात जोडून, डोळे मिटून. त्या वर्षी आरती सुरू झाली की त्या डोलायच्या. पुढे, मागे, थोड्या बाजूला, डोळे घट्ट मिटलेले. बायका एकमेकींना खुणा करू लागल्या. तिसऱ्या दिवशी तर कुणीतरी मला बाजूला घेऊन अगदी आदराने सांगितलं, "तुमच्या सासूबाईंची भक्ती पोचली हो. भाव दाटून येतो त्यांना." हळूहळू चाळीत बोलणं पसरलं की आजींच्या अंगात येतं. आरतीच्या वेळी त्यांच्या भोवती थोडी मोकळी जागा राहू लागली. एकीने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. सासूबाई गोंधळून म्हणाल्या, "अगं ऊठ, काय झालंय तुला?"

शेजारच्या काकूंच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं. त्या एका संध्याकाळी नारळ घेऊन आल्या, दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "आजी, आमच्या पोराचा योग कधी आहे, एवढं सांगा ना."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मला काय विचारतेस? मी देवाने डोलत नाहीये गं. मी पडतेय."

सासूबाई अगदी साध्या आवाजात पुढे म्हणाल्या, "डोळे मिटले की पाय कुठे आहेत ते कळत नाही. आरतीत डोळे उघडे ठेवायचे म्हणजे बरं दिसत नाही, म्हणून मिटते. आणि नारळ ने परत, चटणीला होईल."

दुसऱ्याच दिवशी मोरीत तोंड धुताना त्यांनी डोळ्यांवर पाणी मारलं आणि त्या उभ्याच्या उभ्या कोसळल्या. कपाळ बादलीच्या काठावर आपटलं. तेव्हा आमच्या डॉक्टरांना वर बोलावलं. त्यांनी पायांना टाचणी लावून पाहिली आणि म्हणाले, "माझी चूक झाली बहुतेक. रक्त सुधारलं म्हणून मी निश्चिंत राहिलो. हे मला नीट कळत नाहीये. परळला दाखवा, मी चिठ्ठी देतो." एवढ्या वर्षांत किती डॉक्टर पाहिले, पण "मला कळत नाही" असं इतक्या स्वच्छपणे म्हणणारे फार थोडे भेटले.

परळच्या मोठ्या रुग्णालयात आम्ही टॅक्सीने गेलो. सासूबाईंना टॅक्सीचा खर्च पटला नव्हता. ट्राम दिसली की प्रत्येक वेळी बोट दाखवत होत्या. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. बोलण्यात मालवणी हेल, बाह्या वर दुमडलेल्या, रांगेतल्या प्रत्येकाशी मोठ्याने बोलणाऱ्या. त्यांनी स्टीलचा एक दुबेळका चिमटा, म्हणजे नादकाटा, काढला, टेबलावर आपटला आणि त्याचा दांडा सासूबाईंच्या घोट्याच्या हाडावर टेकवला.

"आजी, काय वाटतं?"

"गुणगुणतंय."

"पायाला वाटतं की कानाला ऐकू येतं?"

सासूबाई जरा ओशाळल्या. "कानाला."

"मग कान झाका बघू. आता?"

"आता काही नाही."

मग डॉक्टरीणबाईंनी त्यांना उभं केलं, पाय जवळ घ्यायला लावले आणि म्हणाल्या, "आता डोळे मिटा." सासूबाईंनी सवयीने हातही जोडले. डोळे मिटताच त्या पुढे-मागे झुलू लागल्या. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवले.

मी म्हटलं, "आरतीतही असंच होतं. चाळीत सगळे म्हणतात अंगात येतं."

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. "अंगात काय येत नाय हो, अंगातलं जातंय! आजी, खाण्यात काय काय नाही तुमच्या?"

मांस-मच्छी-अंडं कधीच नाही, हे सासूबाईंनी सांगितलं. दुधाचं विचारल्यावर त्या गप्प बसल्या, म्हणून मी सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा हसरा चेहरा एकदम शांत झाला. "कशासाठी सोडलंत?" त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "मुंबईसाठी." मग थोड्या वेळाने, "आमच्या शेजारचा एक मुलगा गेला."

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं, आणि तितकं सोपं करून सांगणारं मला नंतर कुणी भेटलं नाही. विजेच्या तारेवर जसं आवरण असतं, तसं मज्जातंतूंवर असतं. ते नीट राहायला बी-ट्वेल्व हे जीवनसत्त्व लागतं, आणि ते भाजीपाल्यात, डाळ-तांदळात मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दुधा-दह्यातून थोडंफार मिळतं. शरीर यकृतात त्याचा साठा करून ठेवतं, म्हणून दूध सोडल्यावर दोन-तीन वर्षं काही जाणवलं नाही. शिवाय वय झालं की पोटही ते नीट घेत नाही. साठा संपला तेव्हा आधी रक्त बिघडलं, मग पाय. फॉलिक अॅसिडने रक्त सावरलं, चेहरा लाल झाला, आणि त्या लाल चेहऱ्यामागे पाय निमूटपणे झिजत राहिले.

म्हणून सांगते, कुठलीही गोळी एकटीदुकटी स्वतःच्या मनाने घेऊ नका. फॉलिक अॅसिड काय, बी-ट्वेल्व काय, या बी गटातल्या जीवनसत्त्वांचं काम एकमेकांच्या हातात हात घालून चालतं. एकाने दुसऱ्याची उणीव झाकून टाकली, तर माणूस फसतो.

तुमच्या बाटलीवर 'अॅक्टिव्ह' असं लिहिलेलं आहे, त्याचं मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पूर्वीचं औषध म्हणजे शिधा. शरीराने तो घ्यायचा, शिजवायचा आणि मग वापरायचा. फॉलिक अॅसिडचं तसंच, बी-ट्वेल्वचंही तसंच. आता काही गोळ्यांत ते शरीर वापरतं त्या रूपाच्या जवळ आणून देतात, म्हणजे ताट वाढून देतात. बहुतेकांच्या शरीराला शिधा शिजवता येतो, कुणाकुणाला जड जातो. "पण आजी," ते म्हणाले, "ताट असो की शिधा, पोचणं महत्त्वाचं." हे मला पटलं. तुमच्या पणजींना तर शिधाच मिळाला होता, आणि त्यांच्या शरीराने तो शिजवून खाल्ला.

पण तो मिळण्याआधी मोठी लढाई झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज व्रत सोडलंत तरी नुसत्या दुधाने आता भागणार नाही. सुया घ्याव्या लागतील. नाहीतर सहा महिन्यांत तुम्ही खाटेवरून उठणार नाही, आणि मग कुठलंही औषध पाय परत आणणार नाही."

आजोबांचा चेहरा उतरला. सासूबाईंनी मात्र लगेच विचारलं, "सुई कशाची?"

"एक असते जनावराच्या काळजाची, यकृताची."

"ती नको."

"आई!" आजोबा म्हणाले.

"ओरडू नकोस. पाय माझे आहेत. काळीज नको म्हटलं ना."

डॉक्टरीणबाईंनी खणातून एक छोटी काचेची कुपी काढली. आतलं औषध डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल होतं. सासूबाई मागे सरकल्या. "हे तर रक्तच आहे."

"रंग त्याचा स्वतःचा आहे, आजी. हे आता मोठ्या पिंपांत करतात. मातीतले सूक्ष्म जंतू वाढवतात, आणि ते हे तयार करतात. विरजण लावल्यावर दुधात कसं आपोआप काम चालतं, तसं."

"विरजण? म्हणजे दहीच की! दही मी सोडलंय."

मला हसू आवरेना. डॉक्टरीणबाई मात्र अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "यात दुधाचा थेंब नाही. जंतूंना उसाची मळी वगैरे घालतात. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा."

सासूबाईंनी कुपी हातात घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडे वळल्या. "तू काय म्हणतेस? तू वाचलंयस."

मी काही वाचलं नव्हतं. पण एवढं कळलं की त्या माझ्याकडे परवानगी मागत नव्हत्या, सोबत मागत होत्या. मी म्हटलं, "आई, व्रत तुमचं मोडत नाही. घ्या."

"मग टोच," त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं आणि पदर खांद्यावरून सरकवला.

सुरुवातीला दिवसाआड सुई, मग आठवड्याने, मग महिन्याने. आमचे घरचे डॉक्टरच ती देत, आणि ज्या हातांनी आपण चुकलो त्याच हातांनी ती द्यायला मिळाली याचं त्यांना समाधान होतं. जिभेची आग आधी गेली, मग पायांची. चाल सावरायला मात्र खूप वेळ लागला. सासूबाई गॅलरीतल्या कठड्याला धरून सकाळ-संध्याकाळ चालत. एका टोकाला पोचल्या की डोळे मिटून उभ्या राहत आणि स्वतःची परीक्षा घेत. काकू खुर्ची टाकून बसायच्या आणि मोठ्याने बजावायच्या, "आजी, डावीकडे कललात!" सासूबाई डोळे न उघडता म्हणत, "तुझा आवाज डावीकडून येतोय म्हणून." बोटांच्या टोकांचा बधिरपणा कायमचा राहिला. तो जाणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सासूबाईंनी त्याची कधी तक्रार केली नाही.

शेवटी महाराष्ट्र राज्य झालं, मुंबईसह. वाडीत गुढ्या, रोषणाई, फटाके. सगळ्यांना माहीत होतं की आजींचं व्रत आज सुटणार. आजोबांनी पेढे आणले, काकूंनी चांदीच्या वाटीत दही पाठवलं, मी दूध आटवून केशर घातलं. सासूबाईंनी हे सगळं पाहिलं, धुवट पांढरं लुगडं नेसल्या आणि चपला घालू लागल्या.

"आई, आधी तोंड तर गोड करा," मी म्हटलं.

"येते जाऊन."

मी मागोमाग निघाले. त्या आमचे तीन जिने उतरल्या, फटाक्यांच्या कागदांतून रस्ता ओलांडला आणि शेजारच्या वाडीत शिरल्या. तिथला जिना अंधारा, लाकडी, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर पाऊल नीट टेकवून, थोडं थांबून, त्या वर गेल्या. मी एका पायरीने मागे होते, आणि माझाच श्वास वर चढला होता.

त्या मुलाच्या आईने दार उघडलं. त्यांच्या दारावर तोरण नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्याकडे चहा प्यायला आले. दुधाचा टाक."

ती बाई आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, आणि पातेल्याचा. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आम्ही दोघी चटईवर बसून होतो. सासूबाईंनी पाय समोर पसरले होते आणि स्वतःच्या पावलांकडे पाहत होत्या. शेवटी ती कपबशी घेऊन आली, डोळे पुसलेले. सासूबाईंनी बशीत चहा ओतला आणि हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. मग ती बाई त्यांच्याजवळ बसली आणि तिच्या मुलाविषयी बोलू लागली. कॉलेजात काय शिकत होता, पताका बांधताना कसा पडला होता, लाडू खिशात घालून आणायचा म्हणून शर्टाला तेलाचे डाग पडायचे. इतक्या वर्षांत तिच्याकडे त्याच्याविषयी असं कुणी ऐकायला बसलं नव्हतं, असं तीच म्हणाली. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथे होतो.

परत येताना मी विचारलं, "पाय दुखतायत का?"

"दुखतायत," सासूबाई म्हणाल्या. "दुखतायत हे कळतंय, ते काय थोडं आहे?"